झबल्याची उलटी बाजू

लहान मुलाचा कपडा विकत घेताना तो आधी उलटा करा. लेस, बो, घेर, नक्षी हे सगळं नंतर बघा, आधी आतनं हात फिरवा. काखेत जिथे चार शिवणी एका जागी येतात तिथे बोट लावून बघा, गळ्याच्या मागे लेबल असतं तिथे बघा, कमरेला इलास्टिकच्या खाली बघा. तिथे टोचत असेल, दोऱ्याची टोकं कडक झालेली असतील, नेट उघडी असेल, तर बाहेरून कितीही छान दिसूदे, तो कपडा बाळाला घालायला घेऊ नका. मी गोव्यात साखळी गावात घरीच लहान मुलांचे कपडे शिवून विकते, आणि जे कोणी कपडे बघायला येतात त्यांच्या हातात मी प्रत्येक पीस उलटा करूनच देते. काहीजणींना पहिल्यांदा ते विचित्र वाटतं, पण माझं अर्ध्याहून जास्त काम त्या बाजूला असतं आणि किंमतही तिथलीच असते, तिच्याबद्दल पुढे लिहितेच.

मोठ्या माणसाला टोचलं की तो सांगतो, कपडा बदलतो, लेबल कापून टाकतो. तान्हं बाळ फक्त रडतं. मग आपण म्हणतो भूक लागली असेल, पोटात दुखत असेल, सासूबाई दृष्ट काढतात, आणि खरं कारण असतं काखेत आलेलं नायलॉनच्या दोऱ्याचं एक टोक. हे मी माझ्या मुलीच्या वेळी स्वतः बघितलंय, बारशाला आलेला सुंदर गुलाबी फ्रॉक काढला तेव्हा तिच्या काखेत लाल रेघ उठलेली होती. त्याच रात्री आईच्या जुन्या सुती साडीचं एक झबलं शिवलं, हाताने, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आपल्याकडे पूर्वी बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नसत, आजोबांचं धोतर, आजीचं लुगडं फाडून त्याची झबली, लंगोट, दुपटी करायचे. त्यात खूप अक्कल होती असं मला शिवायला लागल्यावर जास्त जाणवलं. नव्या कापडाला खळ असते, गिरणीतून येताना त्यावर चकाकीसाठी, सुरकुती पडू नये म्हणून काहीबाही लावलेलं असतं, आणि शंभर वेळा धुतलेल्या धोतरातून ते सगळं निघून गेलेलं असतं, धागाही मऊ पडलेला असतो. आता घरात धोतर नेसणारं माणूस राहिलं नाही त्यामुळे जुनं कापड मिळत नाही, पण नवं कापड धुऊन वापरणं तर आपल्या हातात आहे. माझ्याकडे आलेलं प्रत्येक सुती कापड मी रात्रभर पाण्यात घालते, सकाळी धुते, वाळवते, इस्त्री करते आणि मगच बेतायला घेते. न धुतलेलं सुती कापड मीटरमागे सहज तीन ते पाच सेंटिमीटर आटतं. चाळीस सेंटिमीटर उंचीच्या फ्रॉकात म्हणजे दोन सेंटिमीटरपर्यंत फरक पडतो, आणि एवढ्याशा कपड्यात दोन सेंटिमीटर म्हणजे गुडघ्याच्या खालचा फ्रॉक गुडघ्याच्या वर. अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं आटलं तर अजूनच वाईट, पहिल्या धुण्यानंतर सगळा फ्रॉक गोळा होतो आणि मग तो कितीही इस्त्री करा, नीट बसत नाही.

रंगाचंही तसंच. संक्रांतीच्या आधी बोरन्हाणासाठी काळी झबली आणि काळे फ्रॉक मागतात, आणि काळा रंग हा सगळ्यात बेभरवशाचा. पांढरा रुमाल ओला करायचा, पिळायचा आणि कापडाच्या कोपऱ्यावर जोर देऊन वीस-पंचवीस वेळा घासायचा. रुमालावर काळपट उतरलं तर ते कापड बाळाला नको. बाळ कपडा चोखतं हो! गळ्याची कड, बाही, बो, जे तोंडाला येईल ते. आणि आमच्या गोव्यात जानेवारीतही दुपारी घाम येतो, हलव्याचे दागिने घालून बसलेलं बाळ घामाने भिजतं आणि मान काळी होते. मी दुकानातच पर्समधला रुमाल बाटलीतल्या पाण्याने ओला करून घासून बघते, दुकानदार बघत राहतात, बघूदेत.

आता गळ्याचं सांगते, कारण घरी शिवणाऱ्या बायका मला सगळ्यात जास्त हेच विचारतात, छाती बरोबर आहे, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) बरोबर आहे, मग डोक्यातून का जात नाही? जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि तेव्हा छाती त्याहून लहान असते. वर्षाचं होईतो डोकं ४५-४६ पर्यंत जातं आणि छाती तिथे येऊन गाठते, त्यानंतर छाती पुढे जाते. म्हणजे पहिल्या वर्षात बाळाच्या अंगातली सगळ्यात मोठी गोलाई डोक्याची असते. आपण मोठ्यांचं ब्लाउज, कुर्ता शिवून शिकलेलो, आपल्याला छातीवरून बेतायची सवय, आणि त्याच हिशोबाने तोच नमुना छोटा करून बाळाचं बेतलं की गळा हमखास अडकतो. मग घालताना कान मुडपतो, नाक घासतं, बाळ किंचाळतं आणि आईला वाटतं याला कपडे घालून घ्यायलाच आवडत नाही.

याला दोन-तीन उपाय आहेत. एक, आपलं जुनं समोर उघडणारं झबलं, बंदाचं, बाळाला झोपवूनच घालता येतं, डोक्याचा प्रश्नच नाही. दुसरा, खांद्यावर एकावर एक येणाऱ्या दोन पाकळ्या. हा मला फार आवडतो, म्हणून जरा नीट सांगते. पुढचा आणि मागचा भाग खांद्याला जोडायचाच नाही. दोन्ही भागांचे खांदे चार-पाच सेंटिमीटर वाढवून गोलाईत बेतायचे, त्यांच्या कडेला उरेब पट्टी (तिरकी कापलेली, म्हणून ताणणारी) लावून घ्यायची, आणि मग मागची पाकळी पुढच्या पाकळीवर आणून फक्त मुंढ्यापाशी कच्चा टाका घालून बाही जोडायची. घातल्यावर गळा बेताचा दिसतो, पण दोन्ही बाजूंना ओढला की डोकं आरामात जातं. आणि बाळाने लंगोट खराब करून पार पाठीपर्यंत गेलं असेल (आयांना कळेल मी काय म्हणतेय) तर हाच गळा खांद्यावरून खाली ओढून अख्खा कपडा पायातून काढता येतो, डोक्यावरून घाण न्यायला नको. हे हौजरीत (टी-शर्टसारख्या विणीच्या कापडात) सोपं कारण ते ताणतं, सुती कापडात करायचं तर पट्टी नीट उरेबच पाहिजे, सरळ पट्टी लावली तर गळा ताणणारच नाही. तिसरा उपाय म्हणजे मागे चीर देऊन वर एक बटण, पण ते मी वर्षाच्या पुढच्यांनाच करते.

बटणावरून आठवलं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या कपड्याला पुढच्या बाजूला मी सुटं शोभेचं काही लावत नाही, मोती नाही, टिकल्या नाहीत, घुंगरू तर नाहीच. बायका आग्रह करतात, चवथीला (म्हणजे गणेश चतुर्थीला) परकराला घुंगरू लावून द्या ना म्हणून, मी नाही म्हणते. जे हाताने ओढून निघू शकतं ते तोंडात जातं आणि तिथून घशात जायला वेळ लागत नाही. गळ्याला आणि टोपीला ओढायची नाडी पण नाही. अमेरिकेत अशा नाड्या घसरगुंडीच्या फटीत आणि कमरेच्या नाड्या बसच्या दारात अडकून मुलं दगावली, तेव्हा १९९६ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मुलांच्या कपड्यांना टोपीला-गळ्याला नाडी नकोच असं मार्गदर्शन काढलं. युरोपातही सात वर्षांपर्यंतच्या मुलांना ती चालत नाही. आपल्याकडे मात्र अजून दुकानात लोंबत्या गोंड्यांच्या नाड्या सर्रास दिसतात. कुंचीला बंद लागतातच, तर ते आखूड, नुसती एक गाठ बसेल एवढे, आणि बाळ झोपलं की कुंची काढून ठेवा असं मी प्रत्येकीला तोंडाने सांगते.

टाचण्या मी वापरत नाही, क्लिपा वापरते. शिवताना सुई मोडली तर ती पूर्ण सापडेपर्यंत तो कपडा मशीनवरून उठत नाही. टोक, मधला तुकडा, सगळं चुंबकाने शोधायचं आणि कागदावर चिकटपट्टीने लावून जुळवून बघायचं की पूर्ण सुई झाली का. मोठ्या गारमेंट कंपन्यांत हाच नियम असतो, तिथे मोडलेल्या सुयांची वही असते. टोक सापडलं नाही तर तो कपडा बाजूला, विकायचा नाही, भेट म्हणून पण द्यायचा नाही. पातळ मलमलीला मी ९ किंवा ११ नंबरची सुई घालते, पॉपलिन-कॅम्ब्रिकला ११-१४, आणि हौजरीला गोल टोकाची, कारण साध्या टोकाने हौजरीचा धागा कापला जातो आणि दोन धुण्यांनंतर शिवणीशेजारी बारीक भोकांची रांग दिसायला लागते.

शिवणीचं म्हणाल तर आतनं कच्ची ठेवणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग, ओव्हरलॉक (कडेवर दोरा गुंफणारी शिवण) त्याच्या वरचा, पण ओव्हरलॉकचा दोराही नाजूक कातडीला खरखरीत लागतो. म्हणून बाळांच्या कपड्याला मी फ्रेंच शिवण घालते. आधी कापडाच्या उलट बाजू समोरासमोर ठेवून बारीक टीप मारायची, माया (शिवणीबाहेर उरलेलं कापड) तीन मिलिमीटरवर कातरायची, उलटवून बोटाने दाबत शिवण कडेला आणायची आणि परत टीप, म्हणजे सगळी टोकं आत बंद. एका शिवणीला दोनदा मशीन, एकदा कात्री, एकदा इस्त्री. अगदी तान्ह्यासाठी असेल तर मी शिवण बाहेरच्या बाजूला काढून वर रंगीत पायपिन (बारीक गोल किनार) लावते, आत काहीच लागत नाही आणि बाहेर ती डिझाइन म्हणून छान दिसते. फुगा फ्रॉकात नेट असेल तर ती कॅम्ब्रिकच्या दोन थरांच्या मधे पूर्ण बंद, मांडीला नेटचा एक धागा लागता कामा नये.

नेट आणि सॅटिनबद्दल अजून एक सांगायचंय. चवथीला घरोघर समया, आरत्या, फुगड्या, बाहेर फटाके, दिवाळीला पणत्या आणि पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात तिथे सगळी मुलं गर्दीत उभी. नायलॉन, पॉलिस्टर पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती कापडही पेटतं, तेही पटकन, त्यामुळे सुती घातलं की निर्धास्त असं अजिबात नाही, पण निदान ते अंगाला चिकटत नाही. त्यामुळे सणाचा लांब घोळदार फ्रॉक मागितला तर मी सुती किंवा खणाचा सुचवते आणि घेर जमिनीवर लोळणार नाही एवढीच उंची ठेवते.

कापड कुठनं आणते हे पण बऱ्याच जणी विचारतात. थोडं म्हापशाहून, पण मोठी खरेदी बेळगावला. साखळीहून केरी आणि मग चोर्ला घाट चढला की बेळगाव, खडे बाजारात कापडाची दुकानं लागून लागून आहेत, तिथे इचलकरंजीचं पॉपलिन, कॅम्ब्रिक ठोकात बरं मिळतं. हौजरी तिरुपूरची. पावसाळ्यात घाटात दरड, झाडं, धुकं, त्यामुळे मी चवथीचं कापड मे महिन्यातच भरून ठेवते. खण घेताना जरा जपून. खरा खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, मुळात चोळीसाठी विणलेला म्हणून पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद, त्यामुळे परकराला जोड देऊन घेर करावा लागतो आणि जोड कुठे लपवायचा याचं बेतताना डोकं चालवावं लागतं. बाजारात खण म्हणून रुंद पन्ह्याचं जे झगमगीत मिळतं त्यात बरंचसं पॉलिस्टर असतं. कडेचा एक धागा काढून जाळून बघा, सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टरचा कडक मणी होतो. हे घरी, सिंकवर करा, दुकानात नको.

आणि आपला कुणबी चौकडा. लाल-पांढऱ्या चौकड्याची ती जाड सुती साडी, शेतात काम करताना गुडघ्यापर्यंत नेसलेली, खांद्यावर गाठ मारलेली, ती मधल्या काळात दिसेनाशीच होत आली होती. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती परत लोकांसमोर आणली, फॅशनच्या रॅम्पपर्यंत नेली. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. आज गोव्यात कुठल्याही कार्यक्रमाला लाल चौकडा दिसतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मी त्या चौकड्याचे मुलींचे फ्रॉक आणि मुलांचे कुर्ते शिवते, पर्यटक आणि परदेशातले गोंयकार दोघेही घेतात. पण हातमागाचं कापड आणि यंत्रमागावरचं दिसायला तसंच कापड यांच्या किमतीत खूप फरक असतो, आणि यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून विकणं मला पटत नाही. मी दोन्ही शिवते आणि कुठलं काय ते चिठ्ठीवर लिहिते. आणि चौकडा असेल तर बाजूच्या शिवणीला चौकट जुळलीच पाहिजे, त्यासाठी कापड जास्त जातं, जाऊदे, न जुळलेली चौकट मला बघवत नाही.

आमच्याकडचा सीझन विचाराल तर चवथ सगळ्यात मोठी. परकर-पोलकं, बाळांचं धोतर-कुर्ता, भावंडांचं एकाच कापडाचं मॅचिंग. "वहिनी, चवथीक जाय हां" (चवथीला हवं हां) असा निरोप जून उजाडला की सुरू. मग दिवाळी, मग नाताळाचे फ्रॉक, शेजारच्या ख्रिश्चन घरांतून पहिल्या कम्युनियनचे पांढरे ड्रेस. पांढरं शिवताना मी मशीनला आदल्या दिवशीच तेल घालून चिंध्यांवर चालवून घेते, नाहीतर पांढऱ्यावर तेलाचा एक थेंब म्हणजे गेलं. मग बोरन्हाण, शिगमो. मधे मधे बारशाचे सेट चालूच, झबलं, टोपरं, लाळेरं, दुपटं, एकाच कापडाचं.

जून ते सप्टेंबर कापडाला सांभाळणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. आमच्या बाजूला पाऊस म्हणजे तीन-तीन हजार मिलिमीटर आणि वर. कपाट बंद ठेवलं की आठवड्यात वास, पंधरवड्यात बुरशीचे ठिपके, आणि सुती पांढऱ्यावरचा ठिपका जात नाही. मी कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत नाही, जुन्या सुती चादरीत गुंडाळते, अधूनमधून पंख्याखाली पसरते, तयार कपडे कडक इस्त्री करून पूर्ण गार झाल्यावरच घडी करून ठेवते, गरम कपड्याची घडी घातली की आत दमटपणा राहतो. मशीनवर काम झालं की कपडा टाकते आणि सुई, शटल, बॉबिन केस रोज पुसते. लाईट जाते म्हणून पायाची मशीन विकलेली नाही, मोटर काढली की चालते ती.

आता पैशाचं. हे मोकळेपणी लिहायलाच पाहिजे कारण घरी शिवणाऱ्या बायका इथेच मार खातात. "बाजारात अडीचशेला मिळतो फ्रॉक, तू सहाशे कसे लावतेस?" असं मला तोंडावर विचारतात, ओळखीच्या, नात्यातल्या पण. तर हा घ्या दोन वर्षांच्या मुलीच्या साध्या फ्रॉकचा हिशोब. कॅम्ब्रिक सव्वा मीटर, १२० रुपयांनी १५०. आत मलमलीचं अस्तर अर्धा मीटर, ४०. दोरा, बटण, इलास्टिक, पायपिन मिळून २५. पिशवी आणि चिठ्ठी १५. वीज, सुया, तेल, दुरुस्ती याचे १० धरा. झाले २४०. बेतायला अर्धा तास, शिवायला दोन तास, काज-बटण, हातशिलाई, इस्त्री, दोरे कापणं अर्धा तास. तीन तासांचे तासाला १०० प्रमाणे ३००. झाले ५४०. वरचे ६० रुपये जे पीस विकले जात नाहीत, कापडात डाग निघतो, त्याच्यासाठी. यात नफा असा काही मोठा नाहीच, माझी मजुरी आहे.

बायका नेमकी ही मजुरीच धरत नाहीत. सामान २४० चं, त्यावर ५० घेतले की झालं, घरी बसूनच तर शिवते, टीव्ही बघता बघता शिवते, असं त्यांना स्वतःलाच वाटतं, कारण घरच्यांना तसं वाटतं. घरात बसून केलेलं काम हे काम नाही असं जे आपल्याकडे ठरलेलं आहे ना, त्याचा मला मनापासून राग आहे. तोच माणूस दुकानात टेलरला ब्लाउजची शिलाई मुकाट्याने देतो. तुम्ही कमी लावलंत तर तुमच्या गल्लीतल्या दुसऱ्या बाईलाही कमीच मिळणार, आणि मग शेवटी काटकसर कुठे होते, तर आतल्या शिवणीत, कारण ती कोणी बघत नाही. बाजारात अडीचशेला विकणाऱ्यावर माझा राग नाही, तो शेकड्याने कापून शेकड्याने शिवून घेतो, त्याचं गणित वेगळं. माझं गणित मला मांडता आलं पाहिजे एवढंच. मी हा हिशोब छापून मशीनच्या बाजूला लावून ठेवलाय, विचारलं की दाखवते, आणि खरं सांगते, दाखवल्यावर घासाघीस करणाऱ्या फार कमी निघतात.

दुकानात ठेवायला देण्याचा अनुभव चांगला नाही. किनाऱ्याकडच्या एका बुटिकमध्ये कपडे ठेवले होते, विकले की पैसे या बोलीवर. काचेत लावलेले पीस उन्हाने एका बाजूला फिके पडले ते परत आले आणि विकलेल्यांचे पैसे महिनोन्महिने मागत बसावं लागलं. आता रोख विकत घेणार असाल तरच देते. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर, फोटो, कापडाचा क्लोजअप, आतल्या बाजूचा फोटो, मापं, किंमत. पणजी, फोंडा, मडगाव असेल तर ओळखीच्या बसवाल्याकडे पार्सल देते, स्टँडवर येऊन घेतात. लांबचं स्पीड पोस्टने.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) ऑनलाइन होते आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटी नोंदणी गोव्यात मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर सक्तीची नाही, राज्याबाहेर विकायला लागलात की नियम बदलतात, तेव्हा ते सीएला विचारून करा. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात १८ व्यवसाय आहेत आणि शिंपीकाम त्यातलं एक. प्रशिक्षणाचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत कर्ज. एका घरातून एकालाच मिळतं. ओव्हरलॉक मशीन घ्यायचं असेल तर हा बरा मार्ग आहे.

मुलं वाढतात, पहिल्या वर्षातच ५० सेंटिमीटरचं बाळ ७५ च्या आसपास जातं, मग एवढे पैसे कशाला घालायचे, हाही प्रश्न रास्तच आहे. त्यासाठी मी कपडा वाढता शिवते. खाली पाच सेंटिमीटर दुमड, आतल्या बाजूला कमरेला एक लपवलेली प्लेट जी उसवली की उंची वाढते, बाजूला जास्तीची माया, फ्रॉकच्या खांद्याला बटणाचे पट्टे आणि दोन काजं, म्हणजे बटण पुढे-मागे करता येतं. दीड वर्षाला शिवलेला फ्रॉक तीन वर्षांपर्यंत आधी फ्रॉक आणि मग लेगिंगवरचा टॉप म्हणून चालतो. दुमड उसवून द्यायचे मी पैसे घेत नाही, आणून द्या, चहा होईतो करून देते. धाकट्या बहिणीला, मग मावशीच्या मुलीला असा फिरत गेलेला फ्रॉक परत माझ्याकडे दुमड उसवायला येतो तेव्हा मला फार बरं वाटतं.

ऑर्डर देताना वय सांगू नका, वयावरून काहीच कळत नाही, दोन वर्षांची दोन मुलं शेजारी उभी करून बघा. उंची, छाती, कंबर आणि डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये पाठवा, टेप कपाळावरून कानांच्या वर फिरवायची. बाळ डायपर घालतं की कापडी लंगोट तेही सांगा, कापडी असेल तर चड्डीला बुडाशी जास्त जागा लागते. मूल माप घेऊ देत नसेल तर त्याला आत्ता नीट बसणारा एक कपडा जमिनीवर सपाट पसरा, टेप कपड्याच्या शेजारी पसरून ठेवा आणि वरून सरळ फोटो काढून पाठवा, मला त्यावरून बेतता येतं. चवथीचं खणाचं कापड यंदा निळं, डाळिंबी आणि मोरपंखी आहे. डाळिंबी कमी आहे, जोड्या करायच्या असतील तर आधी सांगा.